दाराआडचा प्रश्न

"दिवस गेलेले नाहीत ना?" मी विचारलं.

खिडकीपलीकडच्या मुलीनं मागं बघितलं. मागं तिची सासू पिशवी सांभाळत उभी होती. उत्तर सासूनंच दिलं, "नाही हो, आमचं मेलं कुठलं आलंय तसलं नशीब." मुलीनं मान हलवली. मी रजिस्टर पुढं सरकवलं, तिनं सही केली, मी तिच्या कागदावर शिक्का मारला आणि एक्स-रेच्या दाराकडं बोट दाखवलं.

पाचेक मिनिटांत दार किलकिलं झालं. आत एक्स-रे काढणाऱ्या श्वासबाईनं नुसता हात बाहेर काढून तोच कागद माझ्याकडं परत दिला. खाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आज नको. आधी डॉक्टरांकडे." मुलगी डोळे पुसत बाहेर आली. सासूनं विचारलं, "काढला का फोटो?" श्वासबाई दारातूनच म्हणाली, "मशीन गरम झालंय. डॉक्टरांना भेटून या तोवर." आमचं मशीन महिन्यातून चार-पाचदा असं गरम व्हायचं.

पोटातल्या अगदी कोवळ्या जिवाला एक्स-रे चांगला नाही, म्हणून बारा ते पन्नास वयाच्या प्रत्येक बाईला आधी हे विचारायचं असा नियम आहे. नियमात एकदाच विचारायचंय, आणि ते काम खिडकीतल्या कारकुनाचं, म्हणजे माझं. दार लावून दुसऱ्यांदा विचारणं हे श्वासबाईनं स्वतःहून सुरू केलेलं. ती सरळ 'हो की नाही' विचारत नसे. हळू आवाजात म्हणायची, "शेवटची पाळी कधी आली होती?" आणि मग गप्प उभी राहायची. मी नवी होते तेव्हा मला राग आला होता. मी म्हटलं, "म्हणजे माझ्यावर तुझा विश्वास नाही."

"तुझ्यावर आहे," ती म्हणाली. "खिडकीवर नाही. खिडकीत बाईच्या मागं नेहमी कुणीतरी उभं असतं."

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण ते कुणी वापरत नाही. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." हे ती दिवसातून शंभरदा म्हणायची, तेही असं खणखणीत की बाहेरच्या बाकावर बसलेली माणसंसुद्धा नकळत श्वास धरून बसायची. पेशंट येऊन मला विचारायचे, "त्या श्वासवाल्या बाई आहेत का आज?" कारण दुसरा टेक्निशियन घाईवाला. तिनंच शिकवून तयार केलेला, हाताला चांगला, स्वभावानंही चांगला, पण "रोखा" म्हटल्यावर याचं लक्ष बटणाकडं जायचं आणि "सोडा" म्हणायचं राहून जायचं. लाल तोंडाची म्हातारी माणसं धापा टाकत बाहेर यायची.

श्वासबाई एकविसाव्या वर्षी डिप्लोमा घेऊन इथं आली. आमचे साहेब, म्हणजे विभागाचे इन्चार्ज, तेव्हाही इन्चार्जच होते. ते तिला म्हणाले, "आधी कायम व्हा, बाई. लग्नबिग्न होत राहतं." कायम व्हायला सहा वर्षं गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा नकाशे काढायच्या कचेरीत होता, शांत माणूस, बोलण्यापेक्षा रेघ मारणं त्याला सोपं जायचं. तिसाव्या वर्षी मोठं स्कॅनचं मशीन आलं आणि त्याचं शिक्षण घ्यायला एकालाच पाठवायचं होतं. साहेब म्हणाले, "तुम्हालाच पाठवतो, पण दोन वर्षं मध्येच गळायचं नाही हं." ती गळली नाही. मग नोकरी सांभाळून पदवी. शेवटचा पेपर दिला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि त्याच महिन्यात तिला दिवस गेले. आनंदानं तिनं सगळ्या विभागाला सांगून टाकलं. नवव्या आठवड्यात सगळं संपलं, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांचं सांत्वन तिला ऐकून घ्यावं लागलं. "उशीर झाला ना थोडा, वय असतं एकेकाचं," असं म्हणणाऱ्यांत साहेब होते. खोटं कशाला बोलू, मीही होते.

माझं सगळंच उलटं. मी एकोणिसाव्या वर्षी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. लग्न झालेलं होतं, सासरच्यांनी शिकायची परवानगी दिली होती आणि त्याबद्दल रोज ऐकवतही होते. एके सकाळी मेट्रननं आम्हाला रांगेत उभं केलं आणि लग्न झालेल्या तिघींना हाच प्रश्न विचारला. दोघी "नाही" म्हणाल्या. मी मान ताठ करून "हो" म्हटलं. मला वाटलं, कौतुक होईल. दुपारी माझी ट्रंक फाटकाशी होती. त्या दोघींपैकी एक तेव्हा माझ्याइतकीच पोटुशी होती, हे मला मागाहून कळलं. ती पुढं मेट्रन झाली. मी एकविसाव्या वर्षी दोन लेकरांची आई झाले आणि तेहतिसाव्या वर्षी या खिडकीत येऊन बसले. त्याला बारा वर्षं झाली.

डबा खाताना आमची दोघींची रोजची उलटतपासणी चालायची.

"तुझं बरं," ती म्हणायची. "चाळिशीत मोकळी झालीस. लेक नांदतेय, लेक कमावतोय."

"तुझं बरं," मी म्हणायचे. "तुला माणसाच्या आतलं दिसतं. मला शिक्का मारता येतो."

"बदलायचं का मग?"

"आता काय बदलतेस. शिक्का मारायलासुद्धा परीक्षा द्यावी लागते म्हटलं."

यात कडवटपणा नव्हता असं नाही. पण बारा वर्षं एकाच टेबलावर डबा उघडला की कडू-गोड सगळं एकाच चवीचं होतं.

त्या वर्षी साहेब निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागेसाठी दोघांचेच अर्ज, श्वासबाईचा आणि घाईवाल्याचा. "माझ्यामागं बाईच," असं साहेब गेली कित्येक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, त्यामुळं मुलाखत म्हणजे उपचार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मुलाखतीला एकोणीस दिवस राहिले असताना, सोमवारच्या टपालात बॅजचा अहवाल आला.

बॅज म्हणजे आगपेटीएवढी चपटी डबी. मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ती छातीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायची. अंगावर किती किरण पडले ते ती साठवून ठेवते. दर तीन महिन्यांनी मी सगळ्यांचे बॅज गोळा करून तपासणीला पाठवते, नवे वाटते, आणि महिनाभरानं आकड्यांचा कागद येतो. त्या कागदाकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण आकडे नेहमी मर्यादेच्या कितीतरी खाली असतात. या वेळी श्वासबाईच्या नावापुढचा आकडा लाल होता. मर्यादेच्या चौपट. सोबत खुलाशाचा छापील फॉर्म, सात दिवसांत भरून पाठवायचा.

मी कागद साहेबांकडं नेला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाईंना बोलवा."

श्वासबाई आली, तिनं कागद हातात घेतला आणि खुर्चीवर बसली. साहेबांसमोर ती कधी बसत नसे. तिचा हात छातीवर, बॅजच्या जागी गेला आणि तिथून हळूच खाली आला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. साहेबांना वाटलं, मुलाखतीच्या काळजीनं. ते म्हणाले, "घाबरू नका, काहीतरी घोटाळा असेल. मशीन गळतंय का बघायला माणूस बोलावू. आधी फॉर्म भरून टाकू." फॉर्म भरणं माझं काम. मी पेन काढलं आणि एकेक प्रश्न वाचायला लागले. फिरत्या मशीनवर किती दिवस काम केलं, पेशंटला धरून फोटो काढावा लागला का, असले प्रश्न. ती एका शब्दात उत्तरं देत होती. मध्येमध्ये साहेब जुन्या फायली काढून त्यांच्या काळात एकदा असंच कसं झालं होतं ते सांगत होते. पाऊण तास गेला.

सातवा प्रश्न होता, महिला कर्मचारी गर्भवती आहे किंवा कसे. मी सवयीनं खिडकीतल्यासारखंच विचारलं, "दिवस गेलेले नाहीत ना?"

उत्तर देण्याआधी तिनं मागं वळून बघितलं. मागं नुसती भिंत होती.

"नाही," ती म्हणाली.

बारा वर्षं मी हे मागं बघणं बघतेय. मी पेन मिटलं. साहेबांना म्हटलं, "मशीनवरचा नंबर लिहायचाय फॉर्ममध्ये, आम्ही आत जाऊन बघून येतो." तसा काही रकाना फॉर्ममध्ये नव्हता. मी तिला एक्स-रेच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि बाहेरचा लाल दिवा चालू केला, म्हणजे कुणी आत येणार नाही.

"शेवटची पाळी कधी आली होती?" मी विचारलं.

ती पेशंटच्या टेबलावर बसली. पाय लोंबकळत होते. मग म्हणाली, "परवा बारावा आठवडा लागला."

इतके आठवडे हिनं मला ताकास तूर लागू दिली नव्हती. माझ्या शेजारी बसून डबा खात होती, आणि मी तिला "हल्ली खात का नाहीस, मुलाखतीचं एवढं काय" म्हणून चिडवत होते. वाईट वाटायचं ते वाटलं, पण बोलायची ती वेळ नव्हती.

"मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "या वेळी ठरवलं, मुलाखत होईपर्यंत अळीमिळी गुपचिळी. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही." मग तिनं बोटं मोजली. "मला पाचव्यात कळलं. त्या कागदातले शेवटचे दिवस म्हणजे पाचवा नि सहावा आठवडा. नेमके तेच गं. चौपट." तिचा आवाज अगदी सरळ होता, पेशंटला सूचना द्यावी तसा. "मी किती जपलं. कळलं त्या दिवसापासून जुना अ‍ॅप्रन घातलाच नाही. तो नवा, पाठीपोटाला गुंडाळायचा, दुप्पट जड, तो घालून दिवसदिवस उभी राहिले. खांद्यांवर वळ उठलेत. पडद्याआड उभी असतानासुद्धा काढला नाही. तरी कुठून लागलं?"

"जुना अ‍ॅप्रन घातलाच नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

आम्ही दोघींनी एकदमच खुंटीकडं बघितलं.

सगळेजण बॅज अंगातल्या कपड्यांना लावतात. श्वासबाई तो अ‍ॅप्रनच्याच आतल्या पट्टीला अडकवून ठेवायची, म्हणजे कपडे बदलले तरी विसरायला नको. हुशार माणसाची सोय. तिचा जुना अ‍ॅप्रन खुंटीवर उलटा टांगलेला होता, आतली बाजू बाहेर, आणि ती खुंटी छातीचे फोटो काढतात त्या पाटीच्या शेजारीच. मुलाला जपण्याच्या नादात बाई जड अ‍ॅप्रनमध्ये शिरली, आणि बॅज त्या खुंटीवर बसून दिवसाला चाळीस-चाळीस फोटोंचे किरण खात राहिला.

"तुझा बॅज मी त्या खुंटीवरून काढला होता," मी म्हटलं. "गोळा करताना. आत आले, तू वॉर्डात गेली होतीस, पट्टीला दिसला, काढला नि खोक्यात टाकला. नवा नंतर तुझ्या हातात दिला."

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"तो अंगावर नव्हता?"

"तू वॉर्डात होतीस. बॅज इथं होता. कसा असेल अंगावर?"

तिनं मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. वार विचारला, वेळ विचारली, शेजारी आणखी कुठला बॅज होता का ते विचारलं. मग ती रडायला लागली. चौतिसाव्या वर्षी ते सगळं झालं तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, ही बाई पाऊण तास आपल्याच हातानं आपलं मूल संपवलं असं समजून खुर्चीवर बसली होती, आणि तेवढा वेळ मी तिला पेशंट धरून फोटो काढला का विचारत होते. मला माझी लाज वाटली. खुंटीवरून बॅज काढताना दोन मिनिटं डोकं चालवलं असतं, तर हे काही झालंच नसतं.

ती शांत झाली तसं मी व्यवहाराचं बोलले. "हे बघ. बॅज खुंटीवर राहिला असं लिहू. निष्काळजीपणा म्हणून एक समजपत्र येईल, त्यानं काही बिघडत नाही. साहेब सांभाळून घेतील. सातव्यापुढं 'नाही' राहू दे."

"आणि बॅज का राहिला? अ‍ॅप्रन का बदलला?"

"विचारतंय कोण? नवा होता म्हणून घातला. एकोणीस दिवसांचा तर प्रश्न आहे. ऑर्डर हातात पडली की मग सांग, पेढे वाटत सांग, कुणी काढून घेणार आहे का?"

"आणि एकोणीस दिवस वॉर्डात फिरतं मशीन घेऊन कोण जाणार?"

"तू. आतापर्यंत गेलीसच की."

ती टेबलावरून उतरली. "तू 'हो' म्हटलं होतंस," ती म्हणाली.

"आणि काय झालं ते बघतेस ना? एकोणीस वर्षांची होते. अक्कल नव्हती. मी जिथं 'हो' म्हटलं तिथं तू 'नाही' म्हण, एवढंच सांगतेय. दोघींनी कशाला एकाच खड्ड्यात पडायचं?"

तिनं तोंड धुतलं, टॉवेलनं पुसलं, आरशात बघून केस नीट केले. "मला परत असा पाऊण तास नको," ती म्हणाली. "एकपण नको." मग तिनं माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि स्वतःच्या बारीक अक्षरात सातव्या प्रश्नापुढं "हो" लिहिलं. बॅज कुठं होता त्याच्यापुढं लिहिलं, खुंटीवर, चूक माझी. मी पेन परत घेतलं आणि खाली लिहिलं, गोळा करणाऱ्यानंही लक्ष दिलं नाही, आणि सही केली. तेवढं तरी मला करता येण्यासारखं होतं.

साहेबांनी फॉर्म वाचला. "अभिनंदन," ते म्हणाले, आणि बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखर हळहळ वाटली असावी. "एकोणीस दिवस थांबायचं होतं ना, बाई."

"तुम्ही मला सतरा वर्षं हेच सांगताय, साहेब," श्वासबाई म्हणाली. आवाज चढवून नाही, वेळ सांगावी तसं. दुसऱ्या दिवशीपासून तिला मशीनवरून काढून हलक्या कामावर घातलं, म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर.

मुलाखतीच्या दिवशी फायली आतबाहेर करायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. चार जण होते, त्यात एक बाई. त्यांनी श्वासबाईला मशीनबद्दल विचारलं, नियमांबद्दल विचारलं, तिनं सगळ्याची उत्तरं दिली. दोन ठिकाणी तिनंच त्यांची चूक दुरुस्त केली. समजपत्राचा विषय निघाला, तिनं चूक मान्य केली. शेवटी त्या बाईंनीच विचारलं, अगदी आपुलकीनं, "पुढच्या वर्षी विभाग कोण सांभाळणार?"

मग घाईवाला आत गेला. त्याला आठवड्यापूर्वी दुसरी मुलगी झाली होती. तो मिठाईचा डबा घेऊनच गेला. चौघांनी एकेक तुकडा घेतला, अभिनंदन केलं, मुलगी कुणासारखी दिसते ते विचारलं. पुढच्या वर्षी तिला कोण सांभाळणार, हे काही कुणाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्या नावाची ऑर्डर निघाली. तो खिडकीशी आला, डोळे लाल झालेले. "ताई, मी अर्ज मागं घ्यायला हवा होता का?"

"वेडा आहेस का," श्वासबाई म्हणाली. तिनं ड्रॉवरमधून कपाटाच्या किल्ल्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या. खालचा कप्पा अडकतो, थोडा उचलून ओढायचा, हेही सांगितलं. तो गेल्यावर ती रजिस्टरवर रेघा मारत बसली. पानभर मारल्या. मी डब्यातलं अर्धं तिच्या झाकणात काढून ठेवलं. तिनं ते खाल्लं.

माझ्या लेकीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली आहेत. ती सव्वीस वर्षांची आहे, पुढं शिकतेय, आणि मी दर रविवारी फोनवर सगळ्या चौकशा झाल्या की शेवटी "मग, काय विशेष?" असं विचारते. त्या रविवारी मी जेवणाचं विचारलं, जावयांचं विचारलं, परीक्षेचं विचारलं आणि थांबले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

खिडकीत आता आम्ही दोघी. पहिला प्रश्न श्वासबाई विचारते. बाई मागं बघून "नाही" म्हणाली की ती कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब देते. घाईवाल्याच्या तोंडातून पाळीचा शब्द निघत नाही, त्याचे कान तांबडे होतात. म्हणून टिंब दिसलं की मी उठते, आत जाते, दार लावते आणि हळू आवाजात विचारते. पहिल्यांदा माझाच आवाज बसला होता. आता जमतं. मशीन मधूनमधून गरम होतं.

मूल पोटात आहे असं कळवलं की कर्मचाऱ्याला नियमानं दोन बॅज देतात, एक नेहमीचा छातीवर आणि एक पोटावर. टेबलाशी बसणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, पण श्वासबाई दोन्ही लावून यायची, आता थेट कपड्यांना. ती टेबलाशी आल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण तिमाहीचे बॅज गोळा करताना मी ते तिच्या अंगावरून, तिला उभं करून, माझ्या हातानं काढले. तिला हसू आलं. तेव्हा तिला आठवा लागला होता आणि उभं राहताना टेबलाचा आधार घ्यायची. डॉक्टर म्हणत होते, सगळं ठीक चाललंय.

अहवाल आला त्या दिवशी मी पाकीट फोडलं नाही, तसंच तिच्यापुढं ठेवलं. तिनं पट्टीनं सरळ कापलं. तिच्या नावासमोर शून्य होतं. त्याच्या खालच्या ओळीत नावाची जागा मोकळी होती, आणि तिथंही शून्य. आमच्या कामात याहून चांगला आकडा नाही. तिनं खालच्या शून्यावरून बोट फिरवलं, दोनदा. मग वरच्याकडं बघत राहिली. सतरा वर्षांत तिच्या नावापुढं छोटा का होईना, आकडा असायचाच. तीन महिन्यांत एकही फोटो काढला नाही असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

"फाइलला लाव," ती म्हणाली आणि कागद माझ्याकडं दिला.

आत घाईवाल्यानं एका म्हाताऱ्याला पाटीशी उभं केलं होतं. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. "श्वास घ्या," तो म्हणाला. "रोखा. हलू नका." मशीन वाजलं. मग पावलं, खटका, फोटो बघायला जाणारी त्याची घाई. पुढचं काही आलं नाही. श्वासबाईचं पेन रजिस्टरवर थांबलं होतं. ती दाराकडं न बघता, पूर्वीसारख्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "सोडा."

आत म्हातारा मोठ्यानं खोकला. बाहेर बाकावर बसलेल्या दोघीतिघी हसल्या. श्वासबाईनं पुढचा कागद घेतला आणि खिडकीतल्या बाईला विचारलं, "दिवस गेलेले नाहीत ना?"